नांदेडच्या तीन पकडी

"भारी कोण ते आकड्यानं ठरतं," चन्नबसप्पा म्हणाला. फळ्यावर कालच्या तासाचं सेंद्रिय रसायन अर्धवट उरलं होतं. ते त्यानं तळहातानंच पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : १९८. "रेगी व्हाईट. फेकणाऱ्यानं चेंडू फेकायच्या आत त्याला आडवं करायचं, आन् ते ह्या माणसानं एकशे अठ्ठ्याण्णव वेळा केलं. संपला विषय."

अर्ध्या तासापूर्वी त्याला रेगी व्हाईट हा खेळाडू आहे की इस्त्री, हेही माहीत नव्हतं. पण लातूरच्या क्लासवाल्यांत 'सी.बी. सर' म्हणून नाव काढलेला माणूस तो. मोबाइलमध्ये डोकं घातलं, की कुठल्याही विषयाचा पहिला नंबर शोधून काढल्याशिवाय तो डोकं वर काढत नसे.

"काका, मग ब्रूस स्मिथ?" पहिल्या बाकावर मांडी घालून बसलेली सृष्टी म्हणाली. "त्याचे दोनशे आहेत. तुमच्या हिशोबानं तोच पहिला."

सगळा हॉल हसला. बारा वर्षांची पोर, न्यू जर्सीत जन्मलेली, आणि लातुरात आल्याच्या चौथ्या दिवशीच काकाला गप्प बसवायला शिकली होती.

अनंत चतुर्दशी होती. क्लासला सुट्टी होती, आणि खालच्या घरात एवढी माणसं मावत नव्हती म्हणून पंगत वर क्लासच्या हॉलमध्येच घालायचं ठरलं होतं. बाक भिंतीला सरकवले होते. मुलांना शिकवायच्या मोठ्या पडद्यावर सृष्टीच्या बापानं, वीरण्णानं, अमेरिकेतल्या फुटबॉलची जुनी चित्रणं लावली होती. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर उशा बांधल्यासारखे गडी एकमेकांवर आदळत होते. लांबुळका चेंडू हातात धरून पळत होते. मागच्या भिंतीवर गेल्या सालच्या डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो ओळीनं हसत होते.

चन्नबसप्पाचा बाप गुरुलिंग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बघत होता. चौतीस वर्षं शाळेत कवायतीचा मास्तर म्हणून काढलेली. खेळ कुठलाही असो, त्याची नजर चेंडूवर जायचीच नाही. ती आधी अडवणाऱ्याच्या पायाकडं जायची.

"माझं मत लॉरेन्स टेलर," वीरण्णा म्हणाला. "सी.बी., तू आकडे सोड. हा माणूस आल्यावर समोरच्या संघांना आपली मांडणीच बदलावी लागली. ह्याला थांबवायचं कसं, ह्याच्यासाठी वेगळा माणूस ठेवायला लागले लोक. आणि आकड्याचंच म्हणशील तर डीकन जोन्सचं काय करशील?"

"त्याचे किती?"

"एकही नाही."

"मग सोड की त्याला."

"अरे, त्या पाडण्याला 'सॅक' हे नाव त्यानं दिलं असं म्हणतात. पण त्याची अधिकृत नोंद सुरू झाली ब्याऐंशी सालापासून. तो त्याच्या आधी खेळून गेला. लोकांनी डोळ्यांनी बघितलं, लिहिलं कुणी नाही."

गुरुलिंगानं मान वळवली. "एक बी न्हाई लिव्हलं?"

"न्हाई, चिकप्पा," वीरण्णा चुलत्याला म्हणाला. "अधिकृत शून्य."

"आन् त्यानं काय केलं मग?"

"काय करणार? सांगत राहिला असेल."

गुरुलिंग हसल्यासारखा झाला आणि पुन्हा पडद्याकडं वळला. हनुवटीखालच्या जुन्या व्रणावर त्याचं बोट आपोआप गेलं.

वीरण्णानं मग ती पेटी उघडली. मखमलीत ठेवलेली, हातभर उंचीची सागवानी ढाल. परवा तीस तारखेला भूकंपाला तीस वर्षं होणार होती. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात त्या निमित्तानं कबड्डीचे सामने ठेवले होते, आणि सगळ्यांत चांगल्या बचाव खेळाडूला ही ढाल मिळणार होती. पितळेच्या पत्र्यावर बापाच्या नावानं कोरलेलं वीरण्णानं वाचून दाखवलं :

"कै. सिद्धेश्वर यांच्या स्मरणार्थ. नांदेड, १९८९, अंतिम सामना. तीन पकडी, तीन गुण, विजेतेपद."

वाचताना अडतीस वर्षांच्या बाप्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा झाला. भिंतीला टेकून बसलेल्या गौरम्मानं, त्याच्या आईनं, डोळ्याला पदर लावला. चन्नबसप्पा म्हणाला, "मोठेअप्पांची बातच वेगळी होती म्हनतेत." मग बापाच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "आमचे अप्पा राखीव होते त्या संघात. बाकड्यावर बसून बघितलंय त्यांनी सगळं. हो ना अप्पा?"

"हाव," गुरुलिंग म्हणाला. "जवळून बघितलं."

"आणि आज सरप्राइज आहे," वीरण्णा म्हणाला. "ज्यांना बाबांनी तीनदा पकडलं, ते हदगावचे किशनराव! मी नंबर शोधून काढला. जेवायलाच येतायत. परवा स्टेजवरून तेच सांगणार, कसं पकडलं ते. ढाल पण त्यांच्याच हातून."

गुरुलिंग उठला. "पाणी बघतो," म्हणाला आणि जिना उतरून खाली गेला.

*

पाणी वर भरपूर होतं.

खाली स्वयंपाकघरात शिवम्मा गव्हाच्या हुग्गीत गूळ हलवत होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं पळी थांबवली.

"किशनराव येतोय," तो म्हणाला.

"मला कालच कळलं."

"सांगितलं न्हाईस?"

"का सांगू? तुमी पळून गेला असता." तिनं गॅस बारीक केला. "येऊ द्या की. बोलू द्या. तीस वर्षं झाली, अहो. तुमच्या पकडी तुमी लोकाला वाटल्या."

"लोकाला न्हाई. अण्णाला."

त्याचं खरं होतं आणि तिचंही. भूकंपाच्या त्या पहाटे वीरण्णा आईसंगं निलंग्याला आजोळी होता, गुरुलिंग नोकरीमुळं लातुरात. तेरणाकाठच्या घरात सिद्धेश्वर एकटा होता. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये सगळे एकत्र राहिले तेव्हा आठ वर्षांचा वीरण्णा बोलायचाच बंद झाला होता. जेवायचा, झोपायचा, पत्र्यावर पाऊस वाजला की कानात बोटं घालायचा. एका रात्री गुरुलिंगानं त्याला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सुरू केली. नांदेडचं मैदान. हजार-दीड हजार माणूस. हदगावचा किशनराव, हरणासारखा गडी. तो चढाईला आला आणि तुझ्या बापानं...

तिथं गुरुलिंग थांबला होता. कारण किशनरावाचा घोटा धरला होता तो त्यानं स्वतः, उजव्या कोपऱ्यातून. तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळी किशनरावाचा गुडघा हनुवटीत बसून रक्ताची धार लागली होती. अण्णा डाव्या कोपऱ्यात उभा होता. हात पसरून, नुसता उभा. सामना संपला तेव्हा त्याच्या बनियनला डागसुद्धा नव्हता.

पण पोरगं मांडीवरून वर बघत होतं. आणि गुरुलिंग म्हणाला होता, "...तुझ्या बापानं डाव्या कोपऱ्यातनं सूर मारला."

"मग?" वीरण्णा म्हणाला होता. चाळीस दिवसांनी आलेला पहिला शब्द तो.

एक पकड दिली, मग दुसरी द्यावी लागली, मग तिसरी. मग 'तू कुठं होतास, चिकप्पा?' असं पोरानं विचारल्यावर स्वतःला राखीव करावं लागलं. गावाबरोबर गुणांची वही गेली, संघातले चार गडी गेले, सांगणारं कुणी उरलं नाही. तीच गोष्ट मग चन्नबसप्पानं ऐकली. दिलेली वस्तू परत मागता येत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं गुरुलिंगाला त्या देण्याचा एक गुपचूप अभिमानही होता. रोज आंघोळ करताना कोपराच्या खुणांवर साबण फिरवताना तो मनाशी म्हणायचा, अण्णा, बघ, तुझ्या नावावर लावलंय सगळं.

"पोरगं मला म्हनतं, अप्पा बाकड्यावर बसले होते," शिवम्मा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "त्या रात्री तुमच्या हनुवटीला हळद कुणी लावली? मी लावली. मला म्हातारपणी एकदा ऐकायचंय, माझ्या लेकाच्या तोंडून. की माझा बाप खेळला."

"आन् वीरण्णाचा बाप?"

हुग्गी खाली लागल्याचा वास आला.

"मला बी ऐकायचंय गं," गुरुलिंग हळूच म्हणाला. बायकोपाशीही हे तो पहिल्यांदाच बोलत होता. "पन त्या पोराच्या तोंडावर न्हाई. मी किशनरावाला जिन्यातच गाठतो. सांगतो, येवढी एक गोष्ट गिळ."

पण तेवढ्यात वरून सृष्टीची हाळी आली, "आजोबा! पाहुणे आले! मागच्या जिन्यानं आले!"

*

किशनराव अडुसष्ट वर्षांचा होता, पण बाकावर टेकतानासुद्धा त्याची टाच उचललेलीच होती. पांढरं धोतर, जाकीट, खिशात चष्म्याचं घर. गुरुलिंग दारात दिसताच तो उठून आला आणि दोघं गळ्यात पडले.

"मास्तर! जित्ता हायस!"

"हाय की. किशनराव, जरा बाहेर या, एक बोलायचं..."

"आरं, येऊन दोन मिनिटं झाली न्हाई आन् बाहेर काढून राहिला मला? हदगावहून सकाळपासून बसून राहिलो बशीत. आधी पाणी पाज."

पाणी झालं. पानं मांडली. हुग्गी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. गुरुलिंगानं मुद्दाम किशनरावाशेजारचं पान धरलं, पण दुसऱ्या बाजूला वीरण्णा बसला होता आणि समोर सृष्टी. पडद्यावर अजून आवाज बंद करून अमेरिका धडकत होती.

"हे काय लावलं?" किशनरावानं विचारलं.

"अमेरिकन फुटबॉल, आजोबा. सगळ्यात भारी डिफेन्सवाला कोण, ते ठरवतोय."

"ह्यात दम धरावा लागतो का?"

"दम?"

"कबड्डी कबड्डी म्हनत श्वास न सोडता जायाचं. तसं."

"नाही."

"न्हाई? आन् अंगावर येवढ्या गाद्या? आमी चड्डीवर खेळून राहिलो, खाली मुरूम. बरं, मग? कोण ठरला?"

"पप्पा म्हणतात टेलर. सीबी काकांचं आकड्यावर आहे, त्यांचा निकाल दर पाच मिनिटांनी बदलतो." चन्नबसप्पानं तिच्या पानात मुद्दाम जास्तीची चटणी वाढली. "माझा रेव्हिस. याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्यानं सगळ्या करिअरमध्ये चेंडू अडवून घेतले फक्त एकोणतीस."

"एकोणतीस?" चन्नबसप्पा म्हणाला. "आमच्याकडं एकोणतीसवाल्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसवतो आम्ही."

"काका, ऐका ना! तो ज्याला धरून पळायचा ना, त्याच्याकडे चेंडू फेकायचेच नाहीत लोक. घाबरायचे. मग अडवणार काय? त्या बाजूला बेट म्हणायचे, रेव्हिसचं बेट. तिकडे गेलेला माणूस हरवायचा."

किशनरावाचा घास हातात राहिला. त्यानं पोरीकडं नीट बघितलं. "पुन्हा सांग."

पण वीरण्णाला आता धीर नव्हता. त्यानं पान अर्ध्यावर सोडून हात धुतला, पुसला, आणि ढाल आणून किशनरावासमोर धरली. "काका, हे बघा. परवा तुम्ही हे द्यायचं. आणि सांगायचं, तिन्ही पकडी कशा झाल्या. मी चिकप्पाकडून शंभरदा ऐकल्यात. तुमच्याकडून एकदा ऐकायच्यात."

किशनरावानं चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं.

"किशनराव," गुरुलिंग म्हणाला, "जेवा आधी. हुग्गी गार होऊन राहिली." घाईत त्याच्या तोंडून पाहुण्याचीच बोली निघाली.

"थांब मास्तर." किशनरावानं चष्मा काढला. "तीन पकडी, खरं हाय. नांदेड, खरं हाय. पन पोरा, हे नाव चुकलं. सिद्धेश्वरानं त्या दिवशी मला हातसुद्धा लावला न्हाई."

वीरण्णानं ढाल स्वतःकडं वळवली आणि ते नाव पुन्हा वाचलं.

"तिन्ही टायमाला ह्यानं," आणि किशनरावानं डावी कोपरखळी गुरुलिंगाला मारली. "ह्या चिवट मास्तरानं. माझा घोटा धरला की विंचू धरल्यागत धरायचा. अजून थंडीत ठनकतोय."

गुरुलिंगानं डोळे मिटले. कितीतरी वर्षं हे वाक्य कुणीतरी, कुठंतरी, चारचौघांत म्हणावं असं वाटलं होतं. आणि आता ते म्हटलं गेलं तर त्याला तोंड लपवावंसं झालं. डोळे उघडले तेव्हा चन्नबसप्पा त्याच्याकडं बघत होता. पहिल्यांदाच बघितल्यासारखा. हनुवटीच्या व्रणाकडं, कोपराकडं.

"अप्पा, तुमी राखीव होता ना?"

शिवम्मा भाकरीची टोपली घेऊन दारात उभी होती. तिला हेच ऐकायचं होतं. पण तिची नजर वीरण्णावर गेली आणि ती टोपलीसकट तिथंच खाली बसली. वीरण्णाचा चेहरा पत्र्याच्या शेडमधला झाला होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "बाबा खेळलेच नाहीत?"

"वीरू, मी सांगतो तुला..." गुरुलिंग पुढं सरकला.

"तुम्ही नका सांगू, चिकप्पा. तुम्ही खूप सांगितलं."

येवढं कठोर हे पोरगं आजवर बोललं नव्हतं. गुरुलिंगाचा हात अधांतरी राहिला.

"खेळला न्हाई?" किशनराव एकदम भडकला. "कोण म्हनला खेळला न्हाई? आरं येड्या, मी उजव्या कोपऱ्यात तिनदा का मराया गेलो, ते इचारशील का न्हाई?"

किशनरावानं पान पुढं सारलं.

"सत्याऐंशी साली धर्माबादला सामने होते. तवा गेलो होतो मी तुझ्या बापाच्या कोपऱ्यात. एकदाच. त्यानं पाय न्हाई पाहिला माझा. डोळ्यात बघून राहिला. मी हाललो तिकडं तो आधीच. धरलं ते असं धरलं की दम सुटला, शिट्टी वाजली, पंच वढून राहिला, तरी ह्याची मिठी सुटंना. नंतर स्वतःच पाणी पाजलं मला. लागलं का म्हनला." किशनरावानं पाण्याचा घोट घेतला. "घरी आलो न् झोपच न्हाई. नांदेडच्या फायनलला आमच्या उस्तादानं येवढंच सांगितलं, डाव्या कोपऱ्याकडं जायाचं न्हाई. दहा मीटर रुंद मैदान. तुझा बाप नुसता उभा राहिला आन् त्यातलं अर्धं मैदान मला बंद. उरलेल्या पाच मीटरात हा मास्तर टपलेला. आता तूच सांग, पकड कुणाची? ह्यानं घोटा धरला, बरूबर. पन मला ह्याच्याकडं हाकललं कुणी?"

"रेव्हिसचं बेट," सृष्टी पुटपुटली.

"तेच म्हनून राहिलो पोरी. तुझं बोलणं ऐकलं न् माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेत बी कळतंय म्हनायचं लोकाला."

गुरुलिंगाच्या डोळ्यांपुढं नांदेडचं मैदान आलं, चुन्याच्या रेघा, दुपारचं ऊन. किशनराव सारखा आपल्याकडंच का येतो, ह्याचा त्याला त्या दिवशी राग आला होता. मला कच्चा समजतोय काय, असं वाटून त्यानं तिन्ही वेळा जीव तोडून सूर मारला होता. डावीकडं एकदाही बघितलं नव्हतं. सामना संपल्यावर अण्णानं त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि स्वच्छ बनियनला भावाचं रक्त लागलं, तेव्हा म्हणाला होता, "आता कुठं खेळल्यागत दिसतोय मी." गुरुलिंगाला ती थट्टा वाटली होती. तीस वर्षं तो ज्याला दान समजत होता, त्यातलं अर्धं आधीच अण्णाचं होतं.

मग गौरम्मा बोलली. पदर कपाळावर ओढून, कुणाकडंच न बघता.

"मला माहीत होतं. पकडी ह्यांच्या न्हाईत, ते."

"आव्वा?" वीरण्णा आईकडं वळला.

"नवरा खेळून आला की बाई आधी गुडघं बघती. शिवम्माच्या घरी हळद पुरत न्हवती. आन् आमच्याकडं? एक खरचटा न्हाई. मी एकदा म्हनलं, तुमी खेळता का नुसतं हुभं ऱ्हाता? तर हसले. म्हनले, गौरे, माझ्याकडं येतच न्हाई कुणी." ती थांबली. "मला वाटलं, ह्यांना खेळताच येत न्हाई. घरच्यासमोर झाकून न्हेतेत. पंचमीच्या फेरात मी गाणं बी जोडलं होतं, ह्यांना चिडवाया."

"कसलं?" सृष्टीनं विचारलं.

गौरम्मानं आधी मान हलवली. मग तिचा सत्तरीजवळ आलेला बारीक आवाज, कोरड्या विहिरीत दोर सोडावा तसा, हळूहळू खाली गेला :

"गेलं खेळाया मैदानी, अंगी लागं ना गं माती,
हुभं ऱ्हायलं कोपऱ्यात, जशी गाभाऱ्यात वाती..."

"बायका लई हसायच्या. ते बी हसायचे. मग गेले तसेच. आन् भावजींनी पोराला गोष्ट सांगितली तवा मी गप बसले. म्हनलं, चांगलं करायलेत, मरू दे खरं. पन मनात एक टोचायचं, की माझा मानूस काय न्हवता." तिनं किशनरावाकडं पहिल्यांदाच तोंड वर करून बघितलं. "तुमी आधी का न्हाई आलात ओ?"

किशनरावानं दोन्ही हात जोडले.

शिवम्मा उठली, जावेजवळ गेली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. सकाळपासून नवऱ्यासाठी भांडायला निघालेली बाई ती. आता म्हणाली, "अक्का, आमच्याकडची हळद तुमच्यामुळंच लागायची म्हना की." आणि दोघी रडता रडता हसल्या.

वीरण्णानं ढाल उलटी करून मांडीवर ठेवली होती. तो म्हणाला, "चिकप्पा, हे मगाशी मी..."

"जाऊ दे. गलती माझी. मला वाटलं, बापाच्या अंगाला माती लावल्याबिगर पोराला बाप दिसायचा न्हाई."

"पत्रा बदलू. तुमचं नाव घालू. पकडी तुमच्याच आहेत."

गुरुलिंगाच्या ओठाशी हो आला होता. खोटं कशाला बोला, आला होता. त्यानं चन्नबसप्पाकडं बघितलं. पोरगा अजून त्याच्या कोपराकडंच बघत होता, आणि मघापासून त्यानं बापाचं पान स्वतः वाढलं होतं, हुग्गीवर तूप दोनदा. तेवढं बास झालं.

"पकडीचं काढून टाक," तो म्हणाला. "नुसतं अण्णाचं नाव, आन् खाली 'डावा कोपरा'. आन् ढाल पकडी मोजून द्यायची न्हाई."

"मग कशावर द्यायची?" चन्नबसप्पा म्हणाला. "काहीतरी आकडा लागंल की अप्पा. परवा दोन गावं भांडतील."

"ज्याच्याकडे सगळ्यात कमी लोक गेले त्याला!" सृष्टी ओरडली.

"न आलेले कसे मोजायचे गं?"

"मोजतो मी," गुरुलिंग म्हणाला. "कुनी कुठं जाता जाता कुठं वळलं, ते मला दिसतं. पुढं खुर्ची टाकून द्या, दोन दिस बसतो."

चन्नबसप्पानं फळ्याकडं बघितलं, मग बापाकडं. "मी बसतो संगं. तुमी सांगा, मी लिहितो. आन् सांगता सांगता नांदेडचं बी सांगा. खरं."

किशनरावाला आता जेवण सुचत नव्हतं. त्यानं हात धुतला आणि धोतराचा काचा मारला. "नुसतं सांगून कळत न्हाई. उठा. पोरा, तू बापाच्या जागी. मास्तर, तू तुझ्या कोपऱ्यात. पोरी, ती फरशीची काळी पट्टी म्हणजे मधली रेघ."

"किशनराव, वय काय आपलं?" शिवम्मा ओरडली. "फरशी हाय!"

"वैनी, आमी मुरुमावर पडलेली मानसं."

पानं उचलली गेली. वीरण्णा डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला कबड्डी येत नव्हती. त्यानं फक्त हात पसरले आणि, वेगळं काही सुचेना म्हणून, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. गुरुलिंग उजव्या कोपऱ्यात गुडघ्यावर वाकला. गुडघा कटकन वाजला.

किशनरावानं काळ्या पट्टीला वाकून हात लावला, हात कपाळी नेला आणि आत आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज आधी खोकल्यासारखा होता, मग लागला. तो डावीकडं एक पाऊल गेला. वीरण्णा हलला नाही. किशनराव थांबला, टाच उचलली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. गंमत म्हणून सुरू केलेल्या माणसाची गंमत तिथं संपली. तो मागं झाला आणि भिंतीच्या कडेकडेनं, पोराकडं पाठ होऊ न देता, उजवीकडं सरकला.

या वेळी गुरुलिंगानं घोट्याकडं बघायच्या आधी डावीकडं बघितलं. आणि मग झेपावला.

दोघं फरशीवर आले. बायका किंचाळल्या, सृष्टीनं टाळ्या पिटल्या, चन्नबसप्पा "अप्पा! अप्पा!" करत धावला. किशनराव उताणा पडून छाती भरून हसत होता.

"सोड की आता मास्तर. दम गेला माझा."

"सोडतो," गुरुलिंग म्हणाला. पण त्यानं लगेच सोडला नाही. घोटा दोन्ही हातांत घट्ट धरून, गाल गार फरशीला टेकवून तो पडून राहिला. तिथून त्याला हॉलची डावी बाजू पूर्ण दिसत होती. मोकळी, उन्हाची, आणि तिच्या टोकाला वीरण्णा अजून हात पसरून उभा.